त्रिपुरी पौर्णिमेची रात्र फिल्मवर कशी टिपावी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास पूर्वेला चंद्र वर येतो, देवळांपुढच्या दीपमाळा उजळतात आणि नदीकाठच्या गावांत घाटाच्या पायऱ्यांवर पणत्यांच्या रांगा लागतात. फिल्म कॅमेऱ्याने रात्रीची छायाचित्रे काढायला शिकणाऱ्यासाठी वर्षभरात याहून चांगली संध्याकाळ नाही, कारण संधिप्रकाश, पणत्यांचा उजेड, देवळावर सोडलेले झोत आणि चांदणे हे चार निरनिराळे प्रकाश चार-पाच तासांत एकाच जागी मिळतात. मी या पौर्णिमेला वाईच्या गणपती घाटावर जात आलो आहे, म्हणून पुढची बरीच उदाहरणे तिथली आहेत. पद्धत मात्र पंढरपूरच्या वाळवंटात, नाशिकच्या गोदाघाटावर किंवा स्वतःच्या गच्चीवरही तीच राहते.

रात्रीचा पहिला रोल लॅबमधून परत येतो तेव्हा बहुतेकांच्या हाती जवळजवळ कोरी, काचेसारखी पारदर्शक निगेटिव्ह पडते. कॅमेरा बिघडलेला नसतो. फिल्मला प्रकाश कमी पडलेला असतो. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांना किमान काही प्रकाश मिळाला नाही तर तिथे काहीही उमटत नाही, आणि जे उमटलेच नाही ते डेव्हलपिंगने किंवा स्कॅनिंगने परत आणता येत नाही. याउलट ब्लॅक अँड व्हाइट किंवा रंगीत निगेटिव्ह फिल्मला एक-दोन स्टॉप (एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट) प्रकाश जास्त मिळाला तरी ती सहज सांभाळून घेते. तेव्हा रात्री शंका आली की प्रकाश वाढवायचा. पुढे जे काही सांगणार आहे त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

सामान

कॅमेऱ्यात तीन सोयी असायलाच हव्यात : हवा तितका वेळ शटर उघडे ठेवणारे ‘बी’ सेटिंग, ट्रायपॉडचा स्क्रू बसण्याची जागा, आणि केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबणारी तार, जोडता येईल असे शटरचे बटण. निकॉन एफएम२ किंवा पेंटॅक्स के१००० यांसारखे पूर्ण यांत्रिक कॅमेरे या कामाला उत्तम, कारण त्यांत बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी लागते आणि ती संपली तरी शटर चालते. कॅनन एई-१ सारख्या कॅमेऱ्यात शटरच बॅटरीवर चालत असल्याने दीर्घ एक्स्पोजर देताना, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवताना, ती भराभर उतरते. असा कॅमेरा असेल तर नवी बॅटरी खिशात ठेवूनच घराबाहेर पडावे. लेन्स ५० मिमीची, एफ/१.८ किंवा एफ/२ पर्यंत उघडणारी असली की पुरे (एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त). तिच्यावर यूव्ही फिल्टर असेल तर तो रात्रीपुरता काढून ठेवावा, नाहीतर प्रत्येक दिव्याचे फिकट प्रतिबिंब फ्रेमच्या विरुद्ध बाजूला उमटते.

ट्रायपॉडमध्ये काटकसर करू नये. घाटाच्या पायऱ्यांवर दोन पाय खालच्या पायरीवर लांब करून आणि एक पाय वरच्या पायरीवर आखूड ठेवून तो रोवावा लागतो, आणि हलका ट्रायपॉड अशा वेळी नदीवरच्या वाऱ्याने थरथरतो. मधल्या दांड्याला कॅमेऱ्याची बॅग अडकवली की तो बराच स्थिर होतो. केबल रिलीज स्क्रूने लॉक होणारी घ्यावी, म्हणजे दीड मिनिट अंगठा दाबून बसावे लागत नाही. याशिवाय छोटी टॉर्च, सेकंद दाखवणारे घड्याळ, वही-पेन्सिल, हातभर काळा पुठ्ठा आणि मऊ सुती फडके जवळ असावे. फडके दव पुसायला लागते, कारण कार्तिकात नदीकाठी रात्री नऊनंतर लेन्सवर दव धरू लागते आणि व्ह्यूफाइंडरमधून ते कळत नाही. टॉर्चचा उजेड दर पंधरा मिनिटांनी लेन्सवर तिरपा टाकून पाहावा.

रोल घरीच, भरपूर उजेडात भरावा. फिल्म पुढे सरकवताना रिवाइंडची मूठ फिरते आहे ना, ते डोळ्यांनी पाहावे. मूठ फिरत नसेल तर फिल्म गुंडाळणाऱ्या रिळाला पकडलेलीच नाही, आणि सगळी रात्र कोऱ्या हाताने परत येण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

फिल्म कोणती घ्यावी

पहिल्या रात्रीसाठी माझा सल्ला ठाम आहे : इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स ही ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग; आकडा मोठा तितका प्रकाश कमी पुरतो) ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घ्यावी आणि छत्तीसच्या छत्तीस फ्रेम एकाच रात्रीत वापराव्यात. रंगीत फिल्मवर दिव्यांच्या रंगांचा वेगळाच प्रश्न उभा राहतो. साधी रंगीत फिल्म दिवसाच्या, साधारण ५५०० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप) प्रकाशासाठी बनवलेली असते. पणतीची ज्योत तिच्यावर गडद केशरी येते आणि सोडियमच्या दिव्याखाली सगळेच पिवळे पडते. निळा ८०ए फिल्टर लावून हे काही प्रमाणात सुधारता येते, पण तो दोन स्टॉप प्रकाश खातो आणि रात्री दोन स्टॉप म्हणजे फार मोठी किंमत आहे. पणत्यांचा केशरी रंग मला तरी सुधारण्यासारखा वाटत नाही. तो तसाच राहू द्यावा. रंगच हवे असतील तर कोडॅक पोर्ट्रा ८०० चांगली. सिनेस्टिल ८००टी ही ३२०० केल्विनसाठी, म्हणजे पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी संतुलित केलेली फिल्म आहे. तिच्यावरचा प्रकाश परतवू न देणारा काळा थर काढलेला असल्याने दिव्यांभोवती लालसर वलये येतात; बाजारपेठेतल्या एखाद्या दिव्याला ती शोभतात, पण शंभर पणत्यांच्या फ्रेममध्ये शंभर वलये आली की चित्र गढूळ होते. स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचे चित्र उमटते) चुकीला जागा देत नाही, म्हणून तिचा विचार नंतर करावा.

प्रकाश मोजणे

कॅमेऱ्यातले जुने मीटर रात्री लवकर हात टेकतात. के१००० चे मीटर, उदाहरणार्थ, १०० आयएसओच्या फिल्मवर ईव्ही ३ च्या (ईव्ही हे उजेडाचे माप, आकडा लहान तितका अंधार जास्त) खाली वाचतच नाही, आणि अंधाऱ्या पायऱ्या त्याहून अंधाऱ्या असतात. दुसरी अडचण अशी की फ्रेममध्ये एखादा झगझगीत दिवा आला की मीटर त्याच्याच नादी लागते आणि बाकीचे सगळे काळे ठेवायला सांगते. म्हणून दिवा टाळून ज्या भिंतीवर किंवा चेहऱ्यावर उजेड पडला आहे तिथे जवळ जाऊन मोजावे. जाता येत नसेल तर त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरून तो मोजावा आणि मिळालेल्या आकड्यापेक्षा एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा, कारण तळहात हा मीटरने गृहीत धरलेल्या करड्या रंगाहून साधारण एक स्टॉप उजळ असतो. मोबाइलवरचे लाइट मीटरचे ॲपही या कामाला चालते.

मीटर बंद पडले तरी अडू नये म्हणून ४०० आयएसओसाठी काही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. दुकानांच्या उजेडातला बाजाररस्ता एफ/२.८ ला १/६० सेकंद. झोत सोडलेले देऊळ एफ/८ ला १ सेकंद. चार-पाच पणत्यांजवळचा चेहरा एफ/२ ला १/१५ सेकंद. पाण्यापलीकडे दिसणारे शहराचे दिवे एफ/८ ला ४ सेकंद. पूर्ण चंद्राच्या चांदण्यातला नदीकाठ एफ/४ ला साधारण ३० सेकंद. हे सुरुवातीचे अंदाज आहेत आणि एक सेकंदाहून मोठ्या आकड्यांवर पुढची दुरुस्ती करावी लागते.

ही दुरुस्ती नवशिक्याला कोणी सांगत नाही आणि त्याच्या बहुतेक फ्रेम तिथेच वाया जातात. फिल्मवरच्या कणाला प्रकाश थेंब-थेंब मिळू लागला की आधी मिळालेल्याचा परिणाम पुढचा थेंब येईपर्यंत काही अंशी विरून जातो. त्यामुळे मंद प्रकाशात फिल्मचा वेग प्रत्यक्षात घटतो आणि मीटरने सांगितलेला वेळ अपुरा पडतो. एचपी५ प्लससाठी इलफर्डने दिलेला नियम असा की अर्ध्या सेकंदापर्यंत काही करावे लागत नाही. एका सेकंदापुढे मीटरच्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यावा. घरी एकदा गणकयंत्रावर करून वहीत उतरवले की झाले : मीटरचे २ सेकंद म्हणजे प्रत्यक्षात अडीच, ५ म्हणजे ८, १० म्हणजे २०, ३० म्हणजे ८६, आणि ६० म्हणजे साडेतीन मिनिटांहून थोडे जास्त. वरच्या यादीतल्या चांदण्याला म्हणूनच अर्धा नव्हे, जवळजवळ दीड मिनिट लागते. प्रत्येक फिल्मचा घात वेगळा असतो. फुजीच्या ॲक्रॉस टू या १०० आयएसओच्या फिल्मला तर दोन मिनिटांपर्यंत दुरुस्तीच लागत नाही, आणि ट्रायपॉडवर केवळ दृश्येच घ्यायची असतील तर ती फार सोयीची पडते.

दुरुस्त केलेल्या वेळेला एक फ्रेम घ्यावी, मग दुप्पट वेळ देऊन दुसरी, आणि विषय मोलाचा असेल तर चौपट देऊन तिसरी. कमी वेळाची फ्रेम घेण्यात फिल्म घालवू नये.

संध्याकाळ

सूर्यास्ताच्या तासभर आधी घाटावर पोहोचावे. उजेडात जागा पाहून ठेवावी, पणत्या कुठल्या पायऱ्यांवर मांडल्या जात आहेत ते बघावे, आणि रोलची पहिली फ्रेम मुद्दाम या उजेडात, साध्या दृश्याची घ्यावी. तिचा उपयोग लॅबच्या संदर्भात पुढे सांगितला आहे.

रात्रीची बहुतेक चांगली दृश्यचित्रे पूर्ण रात्र पडण्याआधीची असतात. आपल्याकडे सूर्यास्तानंतर साधारण बावीस ते पंचवीस मिनिटांत सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जातो. त्याच्या आगेमागे आकाश गडद निळे असते, देवळाची रेषा आकाशावर स्पष्ट दिसते आणि दिवेही उजळ असतात. त्यानंतर आकाश काळे होते आणि कळस त्यात बुडून जातो. नेमकी वेळ ओळखायला एक सोपी रीत आहे : दर तीन मिनिटांनी एकदा आकाश आणि एकदा झोतातली भिंत मोजावी. सुरुवातीला आकाश कितीतरी उजळ असते, मग फरक घटत जातो, आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखे झाले की तीच वेळ. त्यानंतर हाताशी जेमतेम सात-आठ मिनिटे असतात, म्हणून ट्रायपॉड आधीच रोवलेला, फोकस आधीच केलेला हवा. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी कापण्यासाठी निमुळती केलेली आहे. संधिप्रकाशात तिच्या एका बाजूला निळा आणि दुसऱ्या बाजूला दिव्याचा उजेड मिळतो आणि दगडाचा आकार उठून येतो. हेच देऊळ आठ वाजता सपाट दिसते.

फोकस करताना अंधाऱ्या भागाशी झटू नये. दिव्याची कड, शिखराची उजळ रेषा किंवा लांबचा खांबावरचा दिवा धरून फोकस करावा. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/८ ला दहा मीटरवर फोकस ठेवला तर साधारण पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते, म्हणून लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर विश्वास ठेवून काम करता येते.

चंद्राविषयी निराशा टाळण्यासाठी दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. ५० मिमीच्या लेन्सने चंद्राची प्रतिमा फिल्मवर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान येते. २०० मिमीनेही ती दोन मिलिमीटरच्या आतच राहते. दुसरे म्हणजे पूर्ण चंद्र हा उन्हात असलेला दगड आहे. ४०० आयएसओवर त्याला एफ/११ ला १/५०० सेकंद पुरते, तर घाटाला एफ/८ ला पूर्ण सेकंद किंवा त्याहून जास्त लागतो. दोघांना एका फ्रेममध्ये न्याय देता येत नाही आणि चंद्राच्या जागी पांढरा ठिपका उमटतो. उपाय पंचांगात आहे. चतुर्दशीला चंद्र पौर्णिमेपेक्षा साधारण पाऊण तास आधी उगवतो, तेव्हा जमिनीवर अजून दिवसाचा उजेड असतो आणि चंद्रावरचे डागही दिसतात. चंद्रासह घाट हवा असेल तर आदल्या संध्याकाळी जावे. शिवाय चंद्र आपल्या व्यासाइतके अंतर दोन मिनिटांत सरकतो, म्हणून तो फ्रेममध्ये असताना मोठ्या लेन्सने एक-दोन सेकंदांपलीकडे जाऊ नये.

पणतीच्या उजेडातला चेहरा

आधी विचारावे. पूजा चालू असताना कॅमेरा पुढे करू नये, पणती लावून झाली, हात जोडून झाले, की “काकू, एक फोटो घेऊ का?” असे विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि मग त्या व्यक्तीला थोडा वेळ बसवताही येते.

एका आजींची फ्रेम मला अजून आठवते. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून त्यांनी उजव्या हाताचा आडोसा धरला होता; तळहात आतून लाल-केशरी उजळला होता, बोटांच्या फटींतून प्रकाश झिरपत होता, पण चेहरा त्याच हाताच्या सावलीत गेला होता. मी चेहरा मोजण्याऐवजी हात मोजला आणि निगेटिव्हवर फक्त हात आला. तेव्हापासून आडोशाचा हात ज्योतीच्या चेहऱ्याकडच्या नव्हे, पलीकडच्या बाजूला धरायला सांगतो. मग तोच हात परावर्तकाचे काम करतो आणि चेहऱ्यावर उजेड परत टाकतो.

एक पणती सहसा पुरत नाही. चार-पाच पणत्या ताटात मांडाव्यात. ताट मांडीवर ठेवले तर उजेड खालून येतो, नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि चेहरा भेसूर दिसतो. त्या व्यक्तीला एक-दोन पायऱ्या खाली बसवावे आणि ताट वरच्या पायरीवर, तिच्या हनुवटीच्या उंचीवर, किंचित बाजूला ठेवावे. चेहऱ्यापासून अंतर दीड-दोन विती असावे, कारण अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, म्हणजे एकदम दोन स्टॉपचा फटका बसतो. पदर, ओढणी आणि मोकळे केस ज्योतीपासून लांब आहेत ना, हे छायाचित्रकारानेच पाहायचे असते. समोरच्याचे लक्ष कॅमेऱ्याकडे असते.

लेन्स एफ/२ ला उघडून एक मीटरवरून घेतले तर स्पष्ट येणारी पट्टी जेमतेम पाच सेंटिमीटरची असते. कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर फोकस करावा. डोळ्यात ज्योतीचे जे प्रतिबिंब दिसते ते धरून फोकस करणे सर्वांत सोपे जाते. मग श्वास सोडून क्षणभर थांबायला सांगावे आणि केबल रिलीजने १/१५ सेकंद द्यावा. तीन-चार फ्रेम घ्याव्यात, कारण एकीत पापणी मिटलेली असतेच. हातात कॅमेरा धरूनच फिरायचे असेल तर वेगळा रोल १६०० आयएसओ धरून, म्हणजे मीटर १६०० वर लावून, वापरावा, म्हणजे याच उजेडात १/६० मिळतो.

मागे उजळलेले देऊळ आणि पुढे व्यक्ती अशी फ्रेम हवी असेल तरच फ्लॅश काढावा. फ्लॅशचा गाइड नंबर (त्याच्या ताकदीचा आकडा) १०० आयएसओला मीटरमध्ये २० असेल तर ४०० ला तो ४० होतो; त्याला अंतराने भागले की ॲपर्चर, म्हणजे एफचा आकडा, मिळते. तीन मीटरवर साधारण एफ/११ ते एफ/१६ च्या मधला आकडा येतो. फ्लॅशवर पांढऱ्या सुती रुमालाची एक घडी टाकली तर प्रकाश मऊ होतो आणि साधारण एक स्टॉप घटतो, म्हणजे एफ/८ ला एक सेकंद हा देवळाचा आकडा आपोआप जुळतो. शटर उघडताच फ्लॅश पडतो आणि उरलेल्या वेळात देऊळ नोंदले जाते. त्या व्यक्तीला खांबावरच्या दिव्याखाली नव्हे, अंधाऱ्या जागी उभे करावे आणि फ्लॅश पडल्यावरही मनात तीन मोजेपर्यंत हलू नका असे आधीच सांगावे; नाहीतर फ्लॅश पडला की माणसे लगेच निघतात आणि त्यांच्या खांद्यातून देऊळ दिसू लागते.

उशिरा रात्री, आणि शहरात

दहाच्या सुमारास पणत्या विझू लागतात, गर्दी ओसरते आणि चांदण्याची पाळी येते. ट्रायपॉड रोवून, ‘बी’ वर, एफ/४ ला दीड मिनिट आणि मग तीन मिनिटे अशा दोन फ्रेम घ्याव्यात. मधेच पुलावरून गाडी आली तर तिचे झोत फ्रेम जाळू शकतात. अशा वेळी शटर बंद न करता काळा पुठ्ठा लेन्ससमोर, तिला न लावता धरावा, गाडी गेली की काढावा आणि तेवढे सेकंद मोजणीतून वगळावेत. नदीचे पाणी या वेळात दुधासारखे सपाट होते, ते मला आवडते. पाण्यावरच्या लाटा हव्या असणाऱ्याने संधिप्रकाशातच काम उरकावे.

मुंबईत राहणाऱ्यांना सरावासाठी नरिमन पॉइंटवरून दिसणारी मरीन ड्राइव्हची कमान पुरेशी आहे. पलीकडचे दिवे एफ/११ ला आठ सेकंद मागतात, एचपी५ वर दुरुस्तीनंतर पंधरा, आणि तेवढ्यात गाड्यांच्या दिव्यांच्या अखंड रेषा उमटतात. ट्रायपॉड चालणाऱ्यांच्या वाटेत येणार नाही असा लावावा.

लॅबमध्ये

रात्रीच्या निगेटिव्हवर काळ्या आकाशाच्या जागी काहीच नसते, त्यामुळे एक फ्रेम कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे दिसत नाही. एका लॅबमध्ये माझा अख्खा रोल एका बाजूला सरकून कापला गेला आणि दीपमाळेची सर्वांत चांगली फ्रेम मधोमध तुटली. दिवसाउजेडी घेतलेली पहिली फ्रेम यासाठीच असते. तिच्या कडेवरून पुढचे मोजमाप लागते. त्याशिवाय पाकिटावर ‘रात्रीचे फोटो, फिल्म कापू नये’ असे ठळक लिहावे. प्रिंट किंवा स्कॅन करून घेताना आकाश काळेच ठेवायला सांगावे, कारण यंत्र आपल्या मनाने सगळे उजळवते आणि काळ्या आकाशाच्या जागी करडा, दाणेदार चिखल येतो.

४०० ची फिल्म १६०० धरून वापरली असेल तर तेही पाकिटावर लिहावे लागते, आणि ते संपूर्ण रोललाच लागू होते. घरी फिल्म धुणाऱ्यासाठी, म्हणजे डेव्हलप करणाऱ्यासाठी, आकडा असा : एचपी५ प्लसला पातळ न केलेल्या आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना ४०० साठी साडेसात मिनिटे आणि १६०० साठी १४ मिनिटे. आपल्याकडे नळाचे पाणी बहुतेक महिने २० अंशांपेक्षा गरम असते, तेव्हा डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करून थर्मामीटर उतरेपर्यंत थांबावे. जास्त वेळ धुतल्याने उजळ भाग अधिक दाट होतात, सावल्यांत मात्र नवे काही येत नाही; म्हणून १६०० वर चेहरा मिळतो, मागच्या पायऱ्या मिळत नाहीत.

निगेटिव्ह हाती आली की प्रिंटच्या आधी ती वहीशेजारी ठेवून भिंगातून पाहावी. प्रत्येक फ्रेमपुढे ॲपर्चर, मीटरचा वेळ आणि प्रत्यक्ष दिलेला वेळ लिहिलेला असला तरच या पाहण्याला अर्थ आहे. ज्योती किती काळ्या आल्या याकडे लक्ष देऊ नये. त्या काळ्या येणारच. दिवे नसलेल्या पायऱ्यांच्या कडा शोधाव्यात. त्या फिकट का होईना दिसत असतील तर दिलेला वेळ बरोबर होता. तो भाग फ्रेमबाहेरच्या कोऱ्या पट्टीइतकाच स्वच्छ असेल तर वहीत त्या आकड्यापुढे ‘दुप्पट’ असे लिहून ठेवावे आणि पुढच्या पौर्णिमेला तिथूनच सुरुवात करावी.